खेळयंत्राचे चुकलेले सांधे

नांदेडहून निघालेली आगगाडी पूर्णा सोडून परभणीस येते. तेथून एक लोहमार्ग मनमाडकडे जातो व दुसरा परळीवरून लातूरच्या दिशेस वळतो. सांधे चुकीचे लागले तर लातूरचे उतारू मनमाडच्या वाटेस लागतील. परंतु तेवढ्यावरून लातूरचे रूळ उखडले गेले, असें कोणी म्हणणार नाहीं. हातांत धरून खेळावयाच्या संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदत असल्या म्हणजे असाच प्रसंग ओढवतो, आणि तेव्हां मात्र शहाणीं माणसेंहि रूळच गेले असें समजून सर्व पुसून टाकावयास निघतात!

वाल्व्ह कंपनीचें स्टीम डेक हें यंत्र २०२२ सालीं बाजारांत आलें. त्याची मूळ कार्यप्रणाली स्टीमओएस ही लिनक्सच्या कुळांतली. पुष्कळ विद्यार्थी तिच्या शेजारीं विंडोज बसवितात. यंत्र चालू होतांच त्याच्या अंगच्या एका लहानशा स्मृतींत लिहिलेली यादी वाचली जाते. कोणत्या बूटलोडरला, म्हणजे कार्यप्रणालीस उठवून उभी करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, प्रथम हांक मारावयाची, हें तींत लिहिलेलें असतें. ही यादी म्हणजे आपले सांधे. विंडोज अद्ययावत होतांना कधीं कधीं आपलें नांव यादीच्या शिरोभागीं चढविते. स्टीमओएस आपल्या मूळ भागाच्या दोन प्रती बाळगते, एक बिघडल्यास दुसरी चालावी म्हणून. परंतु हांकच आली नाहीं तर दोन काय नि दहा काय!

प्रथम यंत्र पूर्ण बंद करावें. आवाज कमी करण्याची कळ धरून चालू करण्याची कळ दाबावी, म्हणजे यादी पडद्यावर येते. तींत स्टीमओएस असल्यास तीच निवडावी. नसल्यास आवाज वाढविण्याची कळ धरून चालू करावें, ‘बूट फ्रॉम फाइल’ हा पर्याय घ्यावा, आणि ‘ईएसपी’ विभागांतील ‘ईएफआय’ व त्यांतील ‘स्टीमओएस’ ह्या फोल्डरांतून ‘स्टीमसीएल’ ही फाइल निवडावी. एवढ्यानें गाडी एकदांच सुटते. म्हणून डेस्कटॉपवर जाऊन ‘ईएफआयबूटएमजीआर’ ह्या आज्ञेनें यादींत नांव पुन्हां लिहावें. विंडोजचा विभाग बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर यादी बदलल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागूं शकते. ती आधींच टिपून ठेवलेली बरी.

ती फाइलच नष्ट झाली असेल, तर वाल्व्हची दुरुस्तीची प्रतिमा निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून तिच्यावरून यंत्र चालू करावें. येथें सावध असावें. ‘रीइन्स्टॉल’ हा पर्याय खेळ व खाजगी फाइली राखण्याचा प्रयत्न करतो; ‘री-इमेज’ सर्व पुसतो, विंडोजसुद्धां. धाकट्या बहिणीनें वर्षभर खेळून जमविलेली प्रगति इंटरनेटवर साठविलेली नसेल, तर तीहि त्यांतच जाते. सुदैवानें पेनड्राइव्हवरून उभ्या राहिलेल्या डेस्कटॉपवरून जुना विभाग उघडतां येतो. तेव्हां री-इमेज करणें भागच पडलें, तर त्यापूर्वीं हव्या त्या फाइली मायक्रोएसडी कार्डावर काढून घ्याव्या.