वस्तीच्या आधाराने उभी राहणारी शाळा

इमारत मुंबई महानगरपालिकेची, शिक्षक सामाजिक संस्थेने नेमलेले आणि पालक आसपासच्या चाळी-वस्त्यांतले, अशा तिघांच्या भागीदारीतल्या मोफत शाळा वरळी, लोअर परळ, काळाचौकी आणि दादर पूर्व या भागांत अनेक वर्षे चालू आहेत. शिकवणे हे त्यांचे मुख्य काम आहेच; पण मूल पोटभर जेवले का, त्याला फळ्यावरचे नीट दिसते का, घरात काही बिनसले आहे का, कालपर्यंत बडबडणारी मुलगी आज गप्प का, याकडे लक्ष देणे हेही या शाळा आपलेच काम मानतात. एकट्या शाळेला ते पेलत नाही. वस्तीतली माणसे, दवाखाने, महिला बचत गट आणि मंडळे यांची साथ मिळाली तरच ते होते. ही साथ कशी जुळते आणि कशामुळे टिकते, हे मध्य मुंबईतल्या जुन्या कापड गिरण्यांचे गिरणगाव आणि त्याच्या परिसरातल्या शाळांवरून चांगले समजते.

चार्टर शाळा आणि मुंबईतले करार

सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्वतंत्र मंडळाच्या कारभाराखाली असलेली शाळा म्हणजे चार्टर शाळा. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली अशा शाळांचा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा सुरू झाली. अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि नेमणुका यांत शाळेला मोकळीक मिळते. त्याबदल्यात करारात ठरलेली मुलांची प्रगती तिला दाखवावी लागते. ती दाखवता आली नाही तर करार रद्द होऊ शकतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात २००४ मध्ये सुरू झालेली प्रॉमिस अकॅडमी ही चार्टर शाळा पालकांचे प्रशिक्षण, आरोग्यसेवा आणि शाळेनंतरचे वर्ग यांच्याशी जोडलेली होती. मुलाचा अभ्यास सुधारायचा तर त्याच्या घराची आणि गल्लीची परिस्थितीही सुधारली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

भारतीय कायद्यात चार्टर शाळा असा प्रकार नाही. मुंबईत त्याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे महापालिका आणि सामाजिक संस्था यांच्यातला करार. इमारत, माध्यान्ह भोजन, गणवेश आणि वह्या-पुस्तके महापालिकेकडून येतात. शिक्षकांची नेमणूक, प्रशिक्षण आणि रोजचे शैक्षणिक काम संस्था पाहते. संस्थेला आपल्या खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून उभा करावा लागतो. अमेरिकेतल्या आणि मुंबईतल्या व्यवस्थेत हा महत्त्वाचा फरक आहे.

गिरणगावाची पूर्वपीठिका

शाळेला वस्तीने हातभार लावण्याची रीत या भागात नवी नाही. ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. गिरणी कामगारांच्या वस्तीत तिने रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने चालवले. अक्षरओळख, आरोग्य आणि फुरसतीचा वेळ हे प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे या कार्यकर्त्यांनी तेव्हाच ओळखले होते. परळचा दामोदर हॉल याच संस्थेचा होता.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. कायमच्या पगाराची जागा रोजंदारी, फेरीचा धंदा, सुरक्षारक्षकाची नोकरी आणि घरकाम यांनी घेतली. अनेक बायका खानावळी चालवू लागल्या, धुण्याभांड्याची कामे करू लागल्या. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. त्यांच्या शेजारी दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे मात्र महापालिकेच्या शाळांवरच अवलंबून राहिली. आईवडील दोघेही दिवसभर बाहेर, अभ्यासाला निवांत कोपरा नाही, पुनर्विकासामुळे राहती जागा कधी सोडावी लागेल याची खात्री नाही, हे सारे घेऊन मूल वर्गात येते. त्याच्या स्वास्थ्याचा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

मुक्तांगण : वस्तीतल्या बायका शिक्षिका झाल्या

या भागातला सर्वांत बोलका प्रयोग मुक्तांगणचा. पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्राशी नाव जुळत असले तरी ही संस्था वेगळी आहे. एलिझाबेथ आणि सुनील मेहता यांनी २००३ साली ग्लोब मिल पॅसेज इथल्या महापालिका शाळेत तिची सुरुवात केली. पुढे वरळी, प्रभादेवी आणि लोअर परळ हे भाग असलेल्या महापालिकेच्या जी दक्षिण विभागात तिच्या भागीदारीतल्या शाळांची संख्या सात झाली.

शिक्षक बाहेरून आणण्याऐवजी संस्थेने ते आसपासच्या वस्तीतूनच निवडले. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. कित्येकींचे शिक्षण मराठी माध्यमात झाले होते आणि लग्नानंतर त्यांचा पुस्तकांशी संबंध सुटला होता. त्यांना पूर्णवेळ प्रशिक्षण देऊन, इंग्रजीची तयारी करून घेऊन शिक्षिका म्हणून उभे केले गेले. प्रशिक्षण मुले कशी शिकतात यावर आधारलेले असल्याने घोकंपट्टीऐवजी प्रश्न विचारणे, हाताने करून पाहणे आणि गटात काम करणे यांवर वर्गात भर राहिला.

मुलांच्या स्वास्थ्याच्या दृष्टीने या निवडीचा परिणाम दूरगामी होता. शेजारच्या चाळीत राहणाऱ्या बाईंना नळाला पाणी किती वाजता येते हे माहीत असते. कोणत्या घरात दारूचा त्रास आहे, कोणाची आई गावी गेली आहे, हेही त्यांच्या कानावर असते. मूल उशिरा आले तर ओरडण्याआधी कारण त्यांच्या ध्यानात येते. पालकालाही त्यांच्यासमोर बोलताना संकोच वाटत नाही. शिवाय आपल्याच वाडीतली काकी शाळेत शिकवते, हे पाहणाऱ्या मुलीच्या मनात स्वतःबद्दलची अपेक्षा वाढते. विशेष गरजा असलेल्या मुलांना वेगळे न काढता त्याच वर्गात शिकवण्यासाठी संस्थेने प्रशिक्षित गटही तयार केला.

आकांक्षा : शाळेत समाजकार्यकर्ता

शाहीन मिस्त्री यांनी १९९१ साली सुरू केलेल्या आकांक्षा संस्थेनेही महापालिकेशी भागीदारी केली. दादर पूर्वेचे शिंदेवाडी, काळाचौकीचे अभ्युदयनगर आणि लोअर परळचे सीताराम मिल कंपाउंड इथल्या महापालिका शाळांत तिचे काम आहे. या शाळांत शिक्षकांसोबत समाजकार्यकर्ते आणि समुपदेशकही असतात. गैरहजेरी, आजारपण, घरातले भांडण, लहान वयात कामाला लागण्याची वेळ, अशा प्रसंगी समाजकार्यकर्ता घरी जातो, कुटुंबाशी बोलतो आणि गरजेप्रमाणे योग्य ठिकाणी पाठवतो. त्यामुळे शिकवण्याचे आणि घर सावरण्याचे दोन्ही भार एकट्या वर्गशिक्षिकेवर पडत नाहीत.

पालकांचा कायदेशीर अधिकार

संस्था असो वा नसो, पालकांना शाळेच्या कारभारात जागा कायद्याने दिली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे हे समितीचे काम.

समिती कागदावर राहते की जिवंत होते, हे बऱ्याचदा साध्या गोष्टींवर ठरते. बैठक सकाळी अकराला ठेवली तर घरकामाला जाणारी आई येऊच शकत नाही. संध्याकाळी किंवा रविवारी ठेवली तर येते. स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, पिण्याच्या पाण्याची टाकी धुतलेली नाही, मोठ्या मुली पाळीच्या दिवसांत शाळा बुडवतात, हे विषय आयांनीच मांडले पाहिजेत. मुलाचे स्वास्थ्य अशा गोष्टींत असते.

ताट, तब्येत आणि मन

माध्यान्ह भोजन योजना २०२१ पासून पीएम पोषण या नावाने ओळखली जाते. मुंबईत हे जेवण शिजवण्याच्या कामात महिला बचत गटांचा मोठा वाटा आहे. वस्तीतल्या बायकांना त्यातून रोजगार मिळतो आणि मुलांना ओळखीच्या चवीचे ताट.

आरोग्याच्या बाबतीत या भागाचे भाग्य मोठे. १९२६ सालचे केईएम आणि १९२९ सालचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय, दोन्ही परळमध्येच आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब यांसाठी तपासणी होते. पण तपासणीत दोष सापडणे आणि मुलाला चष्मा मिळणे यांत अंतर असते. केसपेपर काढायला, रांगेत उभे राहायला आईला एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. अशा वेळी सोबत जाणारा शाळेचा माणूस सर्वांत उपयोगी ठरतो.

मनाच्या आरोग्याची परंपराही मध्य मुंबईचीच. सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्था १९३६ साली नागपाड्यात सुरू झाली आणि १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. देशातले हे पहिले असे केंद्र मानले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांना समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांची जोड देण्याचे म्हटले आहे. तातडीच्या वेळी मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवेत.

दिवसा राबून रात्री शिकणाऱ्या मुलांसाठी पोषणाची आणि आधाराची ही गरज अधिक तीव्र होते. ती कामावरून थेट, रिकाम्या पोटी वर्गात येतात. निकिता केतकर यांनी २००८ साली सुरू केलेल्या मासूम या संस्थेने मुंबईतल्या रात्रशाळांत वर्गाआधी पौष्टिक खाऊ आणि फिरती विज्ञान प्रयोगशाळा दिली. सार्वजनिक मंडळांचाही हातभार आहे. १९३४ पासूनचे लालबागचा राजा मंडळ विद्यार्थ्यांसाठी पुस्तक पेढी चालवते.

भागीदारीच्या मर्यादा

या व्यवस्थेबद्दलचे आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. महापालिकेने २०१३ साली शाळांच्या खासगी भागीदारीचे धोरण आणले तेव्हा शिक्षक संघटनांनी विरोध केला. शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती संस्थांवर ढकलली जाईल, ही त्यांची भीती रास्त होती. देणगी आटली किंवा करार संपला तर मुलांचे काय, याचे उत्तर करारातच असायला हवे. संस्था गेली तरी समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता राहिले पाहिजेत; म्हणून ही पदे महापालिकेच्या अंदाजपत्रकात असणे आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न माध्यमाचा. भागीदारीतल्या बऱ्याच शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि महापालिकेच्या मराठी शाळांचा पट घटत आहे. मुलाचे मन घरच्या भाषेत मोकळे होते. प्रशिक्षित स्थानिक शिक्षिका, समाजकार्यकर्ता आणि जागी समिती यांची मराठी शाळांनाही तितकीच गरज आहे, आणि माध्यम न बदलताही ती भागवता येते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. जवळिकीमुळे घरातल्या गोष्टी कळतात, पण त्या चाळभर होता कामा नयेत. मुलाने सांगितलेले गुपित राखणे हा शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचाच भाग हवा. त्याला अपवाद लैंगिक अत्याचाराचा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे.

दोन दशकांच्या या अनुभवातून एवढे निश्चित म्हणता येते : देणगीदाराच्या वार्षिक भेटीने मुलाचे स्वास्थ्य सुधारत नाही, वस्तीतल्या माणसाला शाळेत पगारी काम, कायदेशीर अधिकार आणि ठरलेली जबाबदारी मिळाली की ते सुधारते. पालकांनी समितीच्या बैठकीला जावे, मंडळांनी आपली कार्यालये संध्याकाळी अभ्यासिकेसाठी उघडावीत, निवृत्त शिक्षक आणि परिचारिकांनी आठवड्यातले दोन तास जवळच्या महापालिका शाळेला द्यावेत. मुले आपल्याच गल्लीतली आहेत; त्यांच्या शाळेचा दरवाजा ठोठावायला कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहू नये.