किल्लारीची भिंत आणि नागपट्टणमचा किनारा

लातूर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या काही बाया तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या वस्त्यांत गेल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांना नेले होते. भाषा वेगळी, धंदा वेगळा. ज्वारी-तुरीच्या गावातल्या या बाया मासे विकणाऱ्या बायांना काय सांगणार होत्या? हे समजून घ्यायचे तर आधी किल्लारीच्या भिंतीकडे पाहायला हवे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक घरांत झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरीही आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. माणसे भूकंपाने मरत नाहीत, घरांनी मरतात, असे म्हणतात ते इथे शब्दशः खरे ठरले.

मराठवाड्यातले जुने घर आपल्या परिचयाचे आहे. दगड-मातीच्या हातभर, कधी दोन हात जाडीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात असे घर गार राहते. गळू नये म्हणून माळवदावर दरवर्षी थोडी माती टाकायची, म्हणजे छताचे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. आणि ती जाड भिंत प्रत्यक्षात एक भिंत नसतेच. आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन थर, मध्ये चिपा आणि मातीची भर. सरळ खाली येणारे वजन ती सुखाने पेलते. पण जमीन आडवी हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, मधली भर खाली बसते आणि पाचरीसारखी त्यांना आणखी दूर लोटते. भिंत जाड असल्याने बळकट वाटते, पण ढासळते तेव्हा जाडीचे सगळे वजन अंगावर येते. काही घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

वर्गात हे करून पाहता येते. परातीत खड्यांची आणि चिखलाची वीतभर लांबीची दुहेरी भिंत रचा. शेजारी तशीच दुसरी रचा, पण तिच्यात दोन-तीन ठिकाणी कौलाचे लांब तुकडे असे घाला, की ते दोन्ही थरांतून आरपार जातील. दोन दिवस वाळू द्या, मग परात आडवी हलवा. कोणती भिंत आधी सुटते, ते मुलांनाच सांगू द्या.

या कौलाच्या तुकड्यांतच दुरुस्तीचे शास्त्र आहे. उभ्या दिशेने दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेने साधारण १.२ मीटरला आरपार दगड हवा. जुन्या भिंतीत तो नसेल तर भोक पाडून आकडा वळवलेली लोखंडी सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे. दारांच्या वर घराभोवती सलग पट्टा बांधायचा. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. पण कमी नुकसान झालेली सुमारे दोन लाख घरे जागच्या जागीच दुरुस्त करायची होती. गिलावा झाला की सळई घातली की नाही, हे कोणालाच दिसत नाही. अभियंता दोन लाख भिंतींपाशी उभा राहू शकत नव्हता. गवंडी काम करत असताना घरी असते ती घरातली बाई. तेव्हा शास्त्र तिला कळायला हवे. संस्थेने शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमात बाराशेहून अधिक गावांत स्थानिक स्त्रियांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभे केले. अनुदानाचा हप्ता कशावर अडला आहे, सिमेंट किती लागेल, गवंड्याला काय विचारायचे, हे त्या घरोघरी सांगत. सगळे जमले असे मात्र नाही. पुष्कळ कुटुंबांनी जुन्या भिंतीवर खर्च करण्याऐवजी त्या पैशांत एक नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. पण जुनी भिंत शेजारी तशीच उभी राहिली.

२००१ च्या भूकंपानंतर या बाया कच्छला गेल्या. तिथे दगड-मातीची भिंत ओळखीचीच होती. नागपट्टणमला तसे नव्हते. एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे त्सुनामीत गेली होती. तिथला शत्रू हलणारी जमीन नव्हता, पाणी होते. लाटेपुढे आरपार दगड फारसा कामाचा नाही. तिथे कामाला येते उंच जागा आणि वेळ. सुमात्राजवळ भूकंप झाल्यावर लाटांना आपल्या किनाऱ्यावर यायला सुमारे दोन-अडीच तास लागले. किल्लारीला क्षणाचीही सवड नव्हती. इथे सवड होती, पण सांगणारे कोणी नव्हते. हैदराबादचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ मध्ये सुरू झाले.

म्हणजे किल्लारीचे बांधकामशास्त्र किनाऱ्यावर जसेच्या तसे चालणारे नव्हते. चालली ती विचारण्याची रीत. मदतीच्या यादीत होडी आणि जाळे लगेच येते, कारण ते डोळ्यांना दिसते. मासे विकणारीची टोपली, पातेली, हातातले भांडवल सहज सुटून जाते. यादी कोण करते? नवे घर बांधताना कोण बघते? बचत गट, आरोग्य गट कोणाच्या हाती? हे प्रश्न लातूरच्या बायांनी स्वतःच्या गावात सोसलेले होते. त्यामुळे ते त्यांनी विचारले, तर ऐकणारीला परके वाटत नाहीत.

पुढे संस्थेने मराठवाड्यात शेतीत हीच रीत लावली. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर बाईच्या ताब्यात द्यायचा, तिने त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, डाळी, भाजीपाला लावायचा. पाऊस हुकला तरी चूल पेटती राहावी, हा हेतू. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. संस्थेच्या संस्थापक प्रेमा गोपालन २०२२ मध्ये वारल्या.

भूकंपाच्या जुन्या नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. २००२ मध्ये ते तिसऱ्या पट्ट्यात घेतले गेले. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. मुलांना आपल्या गल्लीतल्या जुन्या भिंती पाहून यायला सांगा. मध्येच पोट आलेली भिंत असेल, तर तिचे दोन थर सुटू लागले आहेत असे समजावे. तिच्याखाली अंथरूण घालू नये. आणि तुमचे गाव लातूर-धाराशिवकडचे असेल तर चौकशी करा. तेव्हा पंचविशीत असलेली एखादी संवाद सहाय्यक आज पन्नाशी ओलांडून गावातच असेल. तिला एक दिवस वर्गात बोलवा आणि परातीतली भिंत तिच्या देखत हलवा.