विद्येच्या परवान्याची मुदत

दुकानातील तराजू कितीही विश्वासाचा असला, तरी वजनमापे खात्याकडून ठरावीक मुदतीत त्याची पडताळणी करून शिक्का घ्यावाच लागतो. मुदत संपलेला शिक्का ग्राहकापुढेही चालत नाही आणि निरीक्षकापुढेही नाही. व्यापारी कुटुंबांना ही शिस्त नवी नाही. हाच न्याय माणसाच्या विद्येला लावला तर काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीच्या परवान्यात आढळते.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मुख्यतः पाठीचे मणके व सांधे यांवर हातांनी नेमका दाब किंवा हलका झटका देऊन केलेला उपचार. १८९५ साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी या पद्धतीचा आरंभ केला. प्रारंभीच्या काळात विनापरवाना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून अनेक कायरोप्रॅक्टरांना तुरुंगवास भोगावा लागला. कॅन्सास राज्याने १९१३ मध्ये या व्यवसायाला प्रथम कायद्याची मान्यता दिली, तर लुईझियाना या शेवटच्या राज्यात ती १९७४ मध्ये मिळाली. जो परवाना मिळवण्यासाठी सहा दशके झगडावे लागले, तो टिकवण्यासाठीचे नियमही तितकेच काटेकोर असावेत, यात नवल नाही.

पदवीचा दीर्घ अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याचे परवाना मंडळ व्यवसायाची अनुमती देते. परंतु ही अनुमती कायमची नसते. ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी केवळ शुल्क भरून भागत नाही. मान्यताप्राप्त वर्गांतून ठरावीक तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते.

हे तास राज्यागणिक भिन्न आहेत. कॅलिफोर्नियात वर्षाला २४ तास, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६ तास, फ्लोरिडात दोन वर्षांत ४० तास आणि इलिनॉयमध्ये तीन वर्षांत १५० तास अशी अट आहे. वार्षिक सरासरी काढल्यास हे आकडे अनुक्रमे २४, १२, २० आणि ५० असे येतात. पाठीचा कणा तर सर्वत्र सारखाच. मग तासांत चौपटीहून अधिक अंतर का? याचे उत्तर कायद्यात आहे. प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्र असून इलिनॉयमध्ये कायरोप्रॅक्टरांचा परवाना डॉक्टरांना लागू असलेल्या वैद्यक कायद्याखालीच येतो. त्यामुळे तासांचा भारही डॉक्टरांइतकाच. हे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून तेथे शिकणाऱ्या किंवा व्यवसाय करणाऱ्या तरुणांनी आपल्या राज्याच्या मंडळाकडेच खात्री करून घेणे इष्ट.

कोणता विषय तासांत धरावा आणि कोणता वगळावा, हा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. फ्लोरिडात वैद्यकीय चुका टाळणे, व्यावसायिक नीती, राज्याचे कायदे आणि रुग्णांच्या नोंदी ठेवणे यांसाठी वेगळे तास राखून ठेवले आहेत. रुग्णसंख्या वाढवण्याच्या युक्त्या, उत्पन्नवाढ, थकबाकीची वसुली अशा वर्गांना कॅलिफोर्नियाने निरंतर शिक्षणात स्थान दिले नाही. धंदा वाढवण्याची विद्या निरुपयोगी नव्हे. मात्र तिचा लाभ व्यावसायिकाला होतो, रुग्णाला नव्हे. परवाना हा रुग्णाच्या हितासाठी असल्याने त्याचा हिशेबही रुग्णाच्याच खात्यावर मांडला जातो.

हिशेब आला की तपासणी आली. अनेक राज्यांत व्यावसायिक नूतनीकरणाच्या वेळी तास पूर्ण केल्याचे स्वतः घोषित करतो आणि मंडळ त्यांतील काहींची निवड करून प्रमाणपत्रे मागवते. फ्लोरिडात मात्र तासांची नोंद संगणकावर होते आणि नूतनीकरणाच्या वेळीच ती पडताळली जाते. पहिली पद्धत विश्वास ठेवून नंतर नमुना तपासणारी, तर दुसरी आधी पावती पाहून मग व्यवहार करणारी. कोणत्याही पद्धतीत खोटी घोषणा अंगाशी येते. दंड, परवाना स्थगित होणे अशी कारवाई होऊ शकते आणि मुदत संपलेल्या परवान्यावर उपचार करणे हा स्वतंत्र अपराध ठरतो.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असे कोणास वाटेल. मानेच्या मणक्यांना झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची दुर्मीळ उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अस्थी ठिसूळ झालेल्या वृद्धेची पाठ, पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या रुग्णाची नवी पाठदुखी, लघवीवरील नियंत्रण सुटलेल्या माणसाची कंबर अशा वेळी हात आखडता घेऊन रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवणे हेच खरे कौशल्य असते. हात केव्हा लावू नये, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या सवयीने बोथट होऊ शकते. त्याला धार लावणे हा या तासांचा खरा हेतू होय.

अर्थात या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. तास मोजल्याने उपस्थिती मोजली जाते, आकलन नव्हे. घरबसल्या संगणकासमोर पूर्ण केलेल्या तासांतून कोण किती शिकला, हे प्रमाणपत्र सांगत नाही. शिवाय कंबरदुखीवर या उपचाराचा काही प्रमाणात उपयोग होत असला, तरी इतर अनेक विकारांवरील दाव्यांना पुरेसा आधार नाही. परवाना ताजा असला म्हणून प्रत्येक दावा सिद्ध होत नाही.

आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. व्यवसायात असलेल्या, साठीच्या आतील सनदी लेखापालांना तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. कायरोप्रॅक्टिकसाठी मात्र भारतात अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. मोबाइलवरील चित्रफितींतून मणक्यांचा कडकड आवाज ऐकून आकर्षित होणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. उपचार करणाऱ्याने पदवी कोठे घेतली, परवाना कोणत्या मंडळाचा आणि तो आज चालू आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. अमेरिकेतील परवाना असल्यास संबंधित मंडळाच्या संकेतस्थळावर नाव घालून त्याची स्थिती पाहता येते. जुने दुखणे, चालू औषधे आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया याही उपचारापूर्वी स्वतःहून सांगाव्यात. आणि तो न विचारताच मानेला हात घालू लागला, तर तेथून उठून यावे.

माल घेताना तराजूवरचा शिक्का पाहणाऱ्या कुटुंबाने आपल्या माणसाची मान कोणाच्या हाती देताना तेवढी तरी चौकशी करावी.