नाव राहतं, संघ विसरतो
मैदान आणि गाव : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण शाळांच्या मैदानांचा विचार केला. त्याला लागूनच येणारा प्रश्न आज घेऊ. गावातला एखादा पोरगा खेळून मोठा झाला, की गाव त्याला कसं आठवतं, आणि त्या आठवणीचा मागून येणाऱ्या पोरांना काय उपयोग होतो? आठवणी जपण्यात आपलं एरंडोल गाव कमी नाही. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. पद्मालयाच्या गणपती मंदिराजवळचं भीमकुंड दाखवून भीम आणि बकासुराची झुंज आजही मुलांना ऐकवली जाते. ही आठवण टिकली, कारण तिला दाखवायला एक जागा आहे आणि दर चतुर्थीला माणसं त्या जागेकडे जातात. खेळाडूच्या आठवणीचंही तसंच आहे. नुसतं नाव आठवल्यानं अभिमान मिळतो. ज्या संघानं आणि ज्या स्पर्धेनं तो खेळाडू उभा केला, तो संघ आणि ती स्पर्धा आठवणीत राहिली, तरच दुसरा खेळाडू मिळतो.

यासाठी कोल्हापूरचा अनिकेत जाधव पाहू. ऑक्टोबर २०१७मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात अनिकेत होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. तरीही भारतीय फुटबॉल संघ विश्वचषकाच्या कोणत्याही वयोगटात पहिल्यांदाच उतरला होता, आणि त्यात रिक्षाचालकाचा मुलगा आक्रमक फळीत खेळत होता. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूरकडून खेळला आणि २०२१-२२चं विजेतेपद मिळवणाऱ्या हैदराबादच्या संघातही होता. कोल्हापूरला त्याचं कौतुक आहेच. पण तिथला पोरगा फुटबॉलकडे वळतो तो अनिकेतमुळे नव्हे. अनिकेतच्या जन्माआधी कित्येक वर्षांपासून पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठापेठांतून उभे आहेत. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ बांधले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात आणि हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. तिथे माणसाला ‘कोणत्या पेठेचा’ असं विचारलं, की तो कोणत्या संघाचा हेही त्यातच कळतं. पोरगा चेंडूला पाय लावण्याआधीच एका संघाचा झालेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की अनिकेत खऱ्या अर्थानं घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. मग कोल्हापूरनं त्याच्यावर हक्क का सांगावा? आक्षेपात तथ्य आहे. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, वसतिगृह, आहार हे पेठेच्या तालमीला जमणारं नाही, ते शासनाच्या प्रबोधिनीनंच दिलं. पण प्रबोधिनी निवड करते, आणि निवडीसाठी मुलं आधी मैदानात असावी लागतात. तुटपुंज्या कमाईच्या घरातून लहान मुलाला फुटबॉलसाठी परगावी पाठवायचं धाडस कुठून येतं? जिथे फुटबॉल खेळणाऱ्याला चारचौघांत मान आहे, तिथे ते येतं. जिथे ‘खेळून कोणाचं भलं झालंय’ हाच पहिला प्रश्न असतो, तिथला तितकाच चपळ मुलगा निवड चाचणीपर्यंत पोहोचतच नाही. प्रबोधिनी शेवटची पायरी बांधते, पण आधीच्या पायऱ्या गावालाच बांधाव्या लागतात.

दुसरा पुरावा कुस्तीतला आहे आणि तो जास्त बोलका आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आलेल्या खाशाबांची मिरवणूक शंभरावर बैलगाड्यांनी निघाली. पुढे देशाला त्यांचा विसर पडला. १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. मधल्या काळात त्यांचं नाव जिवंत ठेवलं ते गोळेश्वर-कराडच्या माणसांनी. हे ऋण मोठं आहे आणि ते मान्य करूनच पुढचं म्हणायला हवं. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४चं पॅरिस उजाडावं लागलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, तोही क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आलेला. दोन पदकांमध्ये ७२ वर्षांचं अंतर. खाशाबांवरचं प्रेम या काळात आटलं नव्हतं. मात्र वर्गणी काढणारं गाव आणि घर गहाण ठेवणारा प्राचार्य ही त्या पदकामागची खरी रचना होती, आणि ती आपण कौतुकाची गोष्ट म्हणून सांगत राहिलो. दरवर्षी पाळायची रीत म्हणून ती कुठेच बसवली नाही.

उत्साहाचंही तसंच होतं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, विश्वचषकाच्या तोंडावर, ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या नावानं राज्यभरातल्या शाळांत एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. उपक्रम चांगला होता आणि मुलांचा आनंद खरा होता. पण एका दिवसानंतर त्या मुलांना पुढचा सामना कोणाशी आणि कधी, हे सांगणारं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी नव्हतं. ते वेळापत्रक असणं, हेच कोल्हापूरचं वेगळेपण आहे.

दुसरा आक्षेप आपल्याकडून हमखास येईल. कोल्हापूरला संस्थानचा राजाश्रय होता, शाहू महाराजांचा वारसा होता. एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावाला ते कसं परवडणार? शिवाय फुटबॉल आपला खेळ कुठे? राजाश्रयानं सुरुवात सोपी झाली, यात शंका नाही. पण संस्थानं विलीन होऊन पाऊणशे वर्षं झाली. इतकी वर्षं संघ चालवले ते पेठेतल्या वर्गणीनं आणि स्वतःच्या खिशातून बूट घेऊन देणाऱ्या कार्यकर्त्यांनी. खेळ कोणता, हा मुद्दा दुय्यम आहे. कबड्डी घ्या, खो-खो घ्या, यात्रेतल्या कुस्त्यांची दंगल घ्या. फुटबॉलचा फायदा एवढाच, की एका चेंडूवर बावीस पोरं खेळतात. कोल्हापूरचे दोषही लपवू नयेत. पेठेचा अभिमान हमरीतुमरीवर येतो, हाणामारीनं सामने थांबतात, बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणले की घरचा पोरगा राखीव बाकावर बसतो. म्हणून नक्कल करताना नियम आधी ठरवावेत : संघात गावचीच पोरं, आणि मैदानावर हात उचलणारा संघ पुढच्या वर्षी बाद.

मग करायचं काय? कापसाची वेचणी उरकल्यावर आणि परीक्षा जवळ येण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, एरंडोल, कासोदा, उत्राण, रिंगणगाव, तळई, आडगाव अशा गावांचे चौदा वर्षांखालील संघ एकमेकांशी खेळवता येतील. प्रत्येक सामन्याची नोंद एका जाड वहीत व्हावी : तारीख, दोन्ही संघांतल्या पोरांची नावं, गोल कोणी केला, पंच कोण होता. ती वही शाळेत राहावी आणि दरवर्षी तिच्यात पानं भरत जावीत. उद्या यांपैकी एखादा मोठा झाला, तर ‘आपला गावना पोऱ्या शे’ म्हणताना त्याच्यासोबत खेळलेले दहा जण, त्याला चेंडू आणून देणारे सर आणि त्याला हरवणारा शेजारच्या गावचा संघ, हे सगळे त्या वहीत सापडतील. कोणी मोठा झाला नाही, तरी दोनशे पोरांना दरवर्षी एक हंगाम मिळेल, आणि तेवढ्यानंही खर्च वसूल होईल. तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना आणि तरुण मंडळांना विनंती आहे, की येत्या जानेवारीसाठी निदान चार गावांनी तरी संघांची नावं ठरवावीत. सत्काराची शाल नंतर आणता येईल, आधी वेळापत्रक लावा.