सत्यान्वेषीचा संसार

गुन्ह्याचा उलगडा हाच जिचा कणा असतो अशा कथेत प्रेमाला जागा द्यावी की नाही, हा वाद जुना असून, अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये रहस्यकथेसाठी जे वीस नियम मांडले, त्यांत प्रेमप्रकरणाला सरळ मज्जाव केला होता. तपास करणाऱ्याने प्रत्येकाकडे सारख्याच संशयाने पाहावे अशी वाचकाची अपेक्षा असते, आणि त्याचे मन एखाद्या व्यक्तीत गुंतले की ती व्यक्ती संशयितांच्या यादीतून आपोआप वगळली जाऊन कोड्यातली रंगत ओसरते. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. परंतु प्रेमच त्या कोड्याचा भाग झाले तर तो टिकत नाही, आणि याचे उत्तम उदाहरण ज्या लेखकाने दिले, त्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे पुण्यात गेली.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये बंगालीत ब्योमकेश बक्षी उभा केला. डिटेक्टिव्ह ही उपाधी ब्योमकेशला रुचत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी, म्हणजे सत्याचा शोध घेणारा, म्हणवतो. ‘अर्थमनर्थम्’ या कथेत एका श्रीमंत वृद्धाचा खून होतो, संशय सुकुमार नावाच्या भाच्यावर येतो आणि त्याची बहीण सत्यवती ब्योमकेशच्या आयुष्यात येते. ती स्वतः त्या संशयग्रस्त घरातलीच असल्याने तपास आणि ओढ एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. शिवाय कथा सांगतो तो मित्र अजित. ब्योमकेशच्या मनातले त्याला खुणांवरूनच ओळखावे लागते, आणि वाचकालाही त्या प्रेमाचा माग अजितबरोबरच काढावा लागतो. हे शरदिंदूंचे खरे कौशल्य होय.

दहा कथांनंतर मात्र वाचकांना हा नायक यापुढे आवडणार नाही असे शरदिंदूंना वाटले, आणि १९३६ पासून पंधरा वर्षे त्यांनी ब्योमकेशवर एकही कथा लिहिली नाही. मधल्या काळात, १९३८ मध्ये, ते बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपटकथा लिहायला मुंबईत आले होते. पुढे कलकत्त्यात लेखक परिमल गोस्वामी यांच्या घरातल्या मुलांनी ब्योमकेश का लिहीत नाही अशी तक्रार केली, तेव्हा १९५१ मध्ये ‘चित्रचोर’ आली. या कथेत सत्यवती पत्नी म्हणून वावरते, आजारातून उठलेल्या नवऱ्याच्या पथ्यावर करडी नजर ठेवते, आणि दुसऱ्या एका तरुणीवरून त्याच्याशी रुसतेही. या संसारचित्राने वाचक दुरावले नाहीत. १९५२ मध्ये पुण्याला स्थायिक झालेल्या शरदिंदूंनी १९७० मध्ये निधन होईपर्यंत ही मालिका चालू ठेवली.

मराठी वाचकाला विवाहित नायकाचे वावडे नव्हतेच, कारण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांत पत्नी विजया झुंजारच्या सोबत होती. इंग्लंडमध्ये डोरोथी सेयर्स यांच्या लॉर्ड पीटर या डिटेक्टिव्ह नायकाने १९३० मध्ये प्रथम भेटलेल्या हॅरिएट व्हेनचा होकार १९३५ च्या कादंबरीत मिळवला, तेव्हा वाचकांत दोन तट पडले: काहींना कोडे पातळ झाल्याचे वाटले, तर काहींना प्रथमच पीटर माणूस वाटला. ब्योमकेशच्या बाबतीत कोडे की माणूस अशी निवड करावीच लागत नाही. बासू चटर्जी यांच्या १९९३ च्या दूरदर्शन मालिकेत सत्यवतीची भूमिका सुकन्या कुलकर्णी या मराठी अभिनेत्रीने केली, आणि रजित कपूर यांच्या ब्योमकेशइतकीच तीही प्रेक्षकांच्या ओळखीची झाली.