बोटाची कंडरा तुटली तर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विळीवर सुरण चिरताना हात निसटतो, तडकलेला ग्लास घासताना काच घुसते, संक्रांतीत मांजा बोट कापून जातो. जखम वरून किरकोळ दिसते, पण आतली कंडरा, जिला आपण सर्रास शीर म्हणतो, ती तुटलेली असू शकते. ती शिवता येते आणि बोट पुन्हा कामाला लागू शकतं. त्यासाठी काही समजुती मात्र सोडायला हव्यात.

गैरसमज १ : बोट थोडं वाकतंय, म्हणजे आत काही तुटलेलं नाही.

वस्तुस्थिती : बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांची ओढ कंडरा बोटापर्यंत पोचवतात. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला अशा दोन कंडरा असतात: एक मधल्या पेरापर्यंत जाते, दुसरी टोकाच्या पेरापर्यंत. एक तुटली तरी दुसरी बोट वाकवते आणि फसगत होते. म्हणून डॉक्टर मधलं पेर सरळ धरून फक्त टोक वाकवायला सांगतात. टोक हललं नाही, तर टोकापर्यंत जाणारी, खोलवरची कंडरा तुटल्याची दाट शंका घ्यायची. तुटलेलं टोक स्नायू तळहाताकडे ओढून नेतो. पहिल्या काही दिवसांत ते परत आणून थेट शिवणं सोपं असतं. काही आठवडे गेले की स्नायू आखडतो, आणि मग दुसरीकडची कंडरा काढून जोडावी लागू शकते.

गैरसमज २ : भरपूर टाके घालून घट्ट शिवलं की काम झालं.

वस्तुस्थिती : शिवणीची ताकद मुख्यतः तुटलेली जागा ओलांडून दोऱ्याचे किती पदर गेले यावर ठरते. दोन पदरांपेक्षा चार किंवा सहा पदरांची शिवण जास्त ताण सोसते. टाका कापलेल्या कडेपासून साधारण ७ ते १० मिलिमीटर आत घेतला, तर तो सहज निसटत नाही. पण बोटात कंडरा अरुंद आवरणातून सरकते आणि त्यावरचे पट्टे, म्हणजे ‘पुली’, तिला हाडालगत धरून ठेवतात. हे पट्टे निकामी झाले तर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून ताणली जाते आणि बोट पुरतं मिटत नाही. शिवणीची गाठ जाड झाली, तर ती पट्ट्यांखाली अडते. म्हणजे शिवण मजबूत हवी आणि सरकणारीही हवी. या कामाची खरी कसोटी तीच.

गैरसमज ३ : शिवल्यावर हात दीड महिना अजिबात हलवायचा नाही.

वस्तुस्थिती : तळहाताच्या पुढच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागाला अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. तिथे शिवलेली कंडरा आवरणाला चिकटून बसे, म्हणून पूर्वी तिथे लगेच शिवणं टाळत. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या हॅरोल्ड क्लाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी तिथेही लगेच शिवून, लवकर हालचाल सुरू करून चांगले निकाल दाखवले. आज अनेक ठिकाणी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास स्प्लिंटच्या आत मोजका व्यायाम सुरू होतो. कंडरा सरकत राहिली की चिकटणं कमी होतं आणि ती भरूनही चांगली येते.

गैरसमज ४ : दुखणं थांबलं, म्हणजे जोर लावायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : त्वचा दोन आठवड्यांत भरते, कंडरेला सुमारे तीन महिने लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तिची टोकं मऊ पडतात, आणि शिवण सुटण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. हिशेब पाहा: चार पदरांची चांगली शिवण साधारण ४० न्यूटन, म्हणजे चार किलोच्या आसपासचा ताण सोसते. दुसऱ्या हाताने बोट हळूच वाकवलं तर कंडरेवर काही न्यूटनच ताण येतो. बोटाच्या टोकांनी चिमटीत जोर लावला, तर तो १०० न्यूटनच्या वर जाऊ शकतो. म्हणून ठरलेला व्यायाम औषध ठरतो, पण भरलेली बादली उचलली तर सगळी शस्त्रक्रिया वाया जाऊ शकते.

गैरसमज ५ : पूर्ण भूल हवीच, बोटात ॲड्रेनलिन दिलं तर बोट सडतं.

वस्तुस्थिती : ही भीती बोट सडल्याच्या जुन्या नोंदींवरून आली. त्या काळी प्रोकेन हे भुलीचं औषध वापरलं जाई. साठवणुकीत ते अतिशय आम्लधर्मी होई, आणि त्या इजांमागे ते असण्याची दाट शक्यता आहे. कॅनडाचे सर्जन डॉन लालोंड यांनी लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध आणि ॲड्रेनलिन देऊन जागेपणीच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रुजवली. टाके पूर्ण झाले की रुग्ण टेबलावरच बोट मिटतो आणि उघडतो. शिवणीत फट पडते का, गाठ पट्ट्याखाली अडते का, हे सर्जनला समोर दिसतं आणि जखम बंद करण्याआधीच दुरुस्त करता येतं.

हातावर किंवा बोटावर खोल काप गेला, तर नुसते टाके घालून घरी जाऊ नका. प्रत्येक सांधा वेगळा तपासून घ्या. शस्त्रक्रिया झाली, तर स्प्लिंट आणि व्यायाम सांगितल्याप्रमाणेच करा. सर्जन कंडरा जोडून देतो. त्यातून चालतं बोट पुढच्या बारा आठवड्यांत रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून घडवतात.