मंत्र्याचा देव आणि मंत्र्याचा कारभार

टिटवाळा आणि वाशिंदच्या मधलं स्टेशन म्हणजे खडवली. एक स्टेशन अलीकडे टिटवाळ्याचा महागणपती, पश्चिमेला भिवंडी, दक्षिणेला कल्याणपलीकडे मलंगगड. निवडणूक आली की या पट्ट्यातले उमेदवार गणपतीला नारळ वाढवतात, दर्ग्यावर चादर चढवतात, बुद्धविहारात जाऊन हात जोडतात. आणि त्याच दिवसांत कसाऱ्याच्या लोकलमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आधी त्याचा धर्म बघा. धर्म कळला की निवडून आल्यावर काय करणार तेही कळतं."

हे वाक्य बोलणारे सगळ्याच धर्मांत आहेत. कुणी ते धास्तीने बोलतं, कुणी आशेने. दुसऱ्या धर्माचा आला तर आपलं काही खरं नाही ही धास्ती, आणि 'आपला माणूस' आला की आपली कामं होणार ही आशा. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे आणि ती चुकीची आहे. ती खोडायला लांब जावं लागत नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी उघडली तरी पुरे.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे कोकणी मुसलमान आणि राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. धर्मावरून कारभार ओळखता येत असता, तर त्यांच्या जेमतेम दीड वर्षाच्या कारकिर्दीचा अंदाज कुणालाही आधीच बांधता यायला हवा होता. प्रत्यक्षात काय झालं? कुलाबा जिल्ह्याचं नाव 1 जानेवारी 1981 पासून रायगड झालं, शिवाजी महाराजांच्या राजधानीवरून. त्याच वर्षी 1 मे रोजी रत्नागिरीतून वेगळा काढलेला जिल्हा महाराजांच्या जलदुर्गाच्या नावाने, सिंधुदुर्ग म्हणून, अस्तित्वात आला. महाराजांची भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा अंतुल्यांनी केली आणि तिचा पाठपुरावाही केला. तलवार आली नाही, हा भाग वेगळा. निराधार, विधवा आणि अपंगांसाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजनाही याच काळातली. सरकारं बदलली तरी ती टिकली आणि आजही तिचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. अर्जदार निराधार आहे की नाही हे तिथे पाहिलं जातं, त्याचा धर्म नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं : "ते सगळं मतांसाठी केलं, स्वतःचा धर्म झाकायला." हे उत्तर ऐकून मात्र संयम सुटतो. नेता धर्माला धरून वागला तर तो धर्मामुळे, आणि तसा वागला नाही तर धर्म लपवण्यासाठी! काहीही घडलं तरी जो दावा खरा ठरवता येतो, तो मुळात माहिती नसतोच. तो आधीपासून मनात घेतलेला आकस असतो.

अंतुले यांची वकिली करण्यासाठी हे लिहिलेलं नाही. त्यांचं पद ज्या प्रकरणात गेलं ते आठवावं. सिमेंटवर नियंत्रण होतं, बांधकाम व्यावसायिकांना ते कोट्याने मिळत होतं, आणि मुख्यमंत्र्यांनी स्थापलेल्या न्यासाला देणग्याही त्याच व्यावसायिकांकडून येत होत्या. देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी 1982 मध्ये काढला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे फौजदारी खटल्याची वाट लांबत गेली; 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने खटला कुठे चालावा या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. या साऱ्या प्रकरणात सिमेंट आहे, न्यास आहे, अधिकाराचा वापर आहे. धर्म कुठेच नाही. डिसेंबर 2008 मध्ये, केंद्रात अल्पसंख्याक व्यवहार मंत्री असताना, दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी त्यांनी शंका उपस्थित केली, तेव्हाही टीका व्हायलाच हवी होती. पण ती त्या विधानावर. त्यांच्या जन्माच्या धर्मावर जी झाली, तिचा विधानाच्या खरेखोटेपणाशी काही संबंध नव्हता.

अमेरिकेत हाच प्रश्न मॉर्मन पंथाच्या माणसांना शंभराहून अधिक वर्षं विचारला जातोय. या ख्रिस्ती परंपरेतल्या पंथाचं मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे. पंथाचे एक वरिष्ठ धर्मनेते रीड स्मूट 1903 मध्ये सिनेटवर निवडून आले, तेव्हा हा माणूस देशापेक्षा चर्चचं ऐकेल, असा आक्षेप घेऊन त्यांची चौकशी लावण्यात आली. ती 1907 पर्यंत चालली आणि अखेर स्मूट यांची जागा कायम राहिली. पुढे मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, तेव्हा डिसेंबर 2007 मध्ये त्यांना टेक्सासमध्ये खास भाषण करून सांगावं लागलं, की आपल्या चर्चचे अधिकारी अध्यक्षाच्या निर्णयांत हस्तक्षेप करणार नाहीत.

पंथातल्या लोकांना यात खटकतं ते असं, की बाहेरचे त्यांना एका साच्यातले समजतात. सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं नेतृत्व करणारे हॅरी रीड मॉर्मन होते आणि रिपब्लिकन पक्षाचे रॉम्नीही मॉर्मन. खुद्द चर्चची जाहीर भूमिका अशी, की ते कुठल्याही पक्षाला वा उमेदवाराला पाठिंबा देत नाही, आणि निवडून आलेले सदस्य आपापले निर्णय घेतात, मग ते चर्चच्या मताशी जुळोत वा न जुळोत. याचा सर्वांत ठळक दाखला 5 फेब्रुवारी 2020 चा. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगात मत देताना युटाचे सिनेटर रॉम्नी म्हणाले, की आपण देवाला स्मरून शपथ घेतली आहे, आणि त्यांनी ट्रम्प दोषी असल्याचं मत दिलं. त्याच युटा राज्याचे दुसरे सिनेटर माइक ली यांनी त्याच दिवशी ट्रम्प निर्दोष असल्याचं मत दिलं. तेही मॉर्मनच. राज्य एक, पक्ष एक, पंथही एक. मतं मात्र दोन टोकांची.

आपल्याकडे असंच चित्र सोमनाथच्या वेळी दिसलं होतं. नोव्हेंबर 1947 मध्ये सरदार पटेल जुनागढला गेले, तेव्हा पुण्याचे काकासाहेब गाडगीळ त्यांच्याबरोबर होते. गाडगीळ केंद्रात बांधकाम खात्याचे मंत्री. मंदिर पुन्हा उभारण्याचा संकल्प तिथे जाहीर झाला. खर्च सरकारी तिजोरीतून नको, लोकवर्गणीतून व्हावा, असं गांधीजींनी सांगितलं आणि त्यासाठी न्यास उभा राहिला. मे 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्रतिष्ठापनेला गेले. त्यांनी जाऊ नये, असं पंतप्रधान नेहरूंचं मत होतं. पटेल, गाडगीळ, गांधी, राजेंद्रप्रसाद, नेहरू : सगळे हिंदू घरांत जन्मलेले, सगळे एकाच चळवळीतून आलेले. मंदिराशी सरकारने किती जवळीक ठेवावी, यावर त्यांची मतं वेगवेगळी होती. तिजोरीबाबतची मर्यादा मात्र घटनेतही आली. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असं अनुच्छेद 27 सांगतो.

मग श्रद्धेचा कारभाराशी काहीच संबंध नसतो का? असतो, आणि तो नाकारणं हाही एक गैरसमजच आहे. रॉम्नींनी तो स्वतःच सांगितला. प्रश्न फक्त हा, की तो संबंध कुठे शोधायचा. मलंगगडाचं उदाहरण घ्या. हाजी मलंग दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या हिंदू घराण्याकडे आहे. तिथला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार हे स्थान हिंदू किंवा मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या चौकटीत न बसणारं, संमिश्र स्वरूपाचं मानलं गेलं. त्याला तिथल्या रूढी आणि न्यासांचा सर्वसाधारण कायदा लागू. 1980 च्या दशकात शिवसेनेचे आनंद दिघे यांनी हे स्थान मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचं सांगत आंदोलन उभारलं आणि जानेवारी 2024 च्या सुरुवातीला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी गडाच्या 'मुक्ती'चा पुनरुच्चार केला. शिंदे नाथपंथ मानतात की नाही, घरी कोणता देव पूजतात, हा त्यांचा खासगी प्रश्न. पण मुख्यमंत्रिपदावरचा माणूस ज्या जागेबद्दल बोलतो, त्या जागेबाबतचा निकाल, तिथली वहिवाट आणि सरकार पुढे उचलणार ते पाऊल, हे विचारण्याचा हक्क खडवलीच्या मतदारालाही आहे आणि मलंगवाडीच्या दुकानदारालाही.

दुसरा एक गैरसमज इतका पक्का रुजलाय, की त्यालाही थोडी जागा द्यायला हवी. 'हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, म्हणजे धर्माच्या नावावर मत मागायला हरकत नाही', असं भलेभले शिकलेले लोक सांगतात. ज्या 11 डिसेंबर 1995 च्या निकालाचा हवाला दिला जातो, तो मुळात मुंबईतल्या विलेपार्ल्याचा. 1987 च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू शिवसेनेच्या पाठिंब्यावर निवडून आले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांमुळे उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने, याच निकालात, ते रद्द करणं कायम ठेवलं. प्रभूंची आमदारकी गेली, ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. त्याच दिवशी शिवसेनेच्याच मनोहर जोशी यांची निवड मात्र न्यायालयाने वैध ठरवली. लोकांनी लक्षात ठेवली ती निकालातली एक ओळ. कुणाचं पद गेलं, ते विसरले. शिवाय 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, धर्माच्या नावावर मत मागण्यावरची बंदी आणखी रुंद केली : उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणं हाही गैरप्रकार. तो खटलाही मुंबईचाच, सांताक्रूझचा.

बाकीच्या गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावता येतो.

'धर्मनिरपेक्ष राज्यात देवाच्या नावाने शपथ चालत नाही.' चालते. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन, असे दोन्ही पर्याय आहेत. आवडत्या महापुरुषाचं नाव मात्र ईश्वराच्या जागी घालता येत नाही. केरळमधल्या एका आमदाराने 2001 मध्ये नारायण गुरूंच्या नावाने घेतलेली शपथ न्यायालयाने अवैध ठरवली. महाराष्ट्रात डिसेंबर 2019 मध्ये मंत्री के. सी. पाडवी यांनी ठरल्या मजकुराबाहेरची वाक्यं जोडली, तेव्हा राज्यपालांनी त्यांना शपथ पुन्हा घ्यायला लावली.

'घटना 1976 मध्ये धर्मनिरपेक्ष झाली.' शब्द 42 व्या दुरुस्तीने उद्देशिकेत आला. धर्मस्वातंत्र्य आणि धर्मावरून भेदभावाला मनाई 26 जानेवारी 1950 पासूनच आहे.

'आषाढीची महापूजा करणं मुख्यमंत्र्याला बंधनकारक आहे.' कोणत्याही कलमात तसं नाही. 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी वर्षा बंगल्यावर पूजा केली. मंदिरातली पूजा नेहमीप्रमाणे झाली आणि सरकारही चालू राहिलं.

'जादूटोणाविरोधी कायदा करणारे देव न मानणारे होते, त्यांना वारी आणि कीर्तन बंद करायचं होतं.' डिसेंबर 2013 मध्ये हा कायदा ज्या विधिमंडळाने केला, त्यात देवभक्तांची वाण नव्हती, आणि यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी तो वाचावा. मराठीतच आहे, आणि फार मोठा नाही.

उमेदवाराबद्दल खरंच काही जाणून घ्यायचं असेल, तर नमुना 26 मधलं शपथपत्र बघावं. त्यात गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येतं. धर्माचा रकाना त्यात नाही.